गेटवरचा हात

कुठल्याही गेटमधून आत जाताना माझा हात आजही आपोआप खिशातल्या माचिसकडे जातो. बँकेचं गेट असो, मंगल कार्यालयाचं असो, नाहीतर दवाखान्याचं. मी डबी काढतो, ती हातात धरून उभा राहतो, आणि तिथला पहारेकरी 'याचं डोकं ठिकाणावर आहे ना' अशा नजरेनं माझ्याकडे बघतो. बायको म्हणते, एवढंच आहे तर विडी सोडा, म्हणजे माचिसही सुटेल. तिचं बरोबर आहे. पण ही सवय मला विडीनं नाही लावली, थावरूभाऊनं लावली.

थावरू राठोड मारेगावच्या बाहेर रस्त्याला लागून असलेल्या एका जिनिंगमध्ये गेटवर चौकीदार होता. मी त्याच गेटच्या बाजूला काट्यावर बाबू होतो. म्हणजे कापसाची गाडी आली की आधी भरलेल्या गाडीचं आणि मग रिकाम्या गाडीचं वजन घेऊन पावती फाडायची, एवढं माझं काम. माझ्या केबिनची खिडकी आणि त्याचं स्टूल यांच्यामध्ये जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी जागा. त्यामुळे हंगामभर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मी घरच्या माणसांपेक्षा जास्त त्याची पाठ पाहिली. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही त्याची पाठच दिसायची. सगळे चौकीदार रस्त्याकडे तोंड करून बसतात, हा आवाराकडे तोंड करून बसायचा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाला, "चोर भायेरून येते, बाबू. पाव्हणी आतून निघते."

पाव्हणी म्हणजे आग. आग हा शब्द त्यानं गेटच्या आत कधी तोंडातून काढला नाही. जिनिंग ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना ही भीती कळायची नाही. आवारात उघड्यावर कापसाच्या गंज्या लागलेल्या असतात. शेडमध्ये रेचे चालू असतात, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करणारी यंत्रं. हवेत दिवसभर रुई उडते, भुवयांवर बसते, चहात पडते. एक ठिणगी पुरे होते. म्हणून आत येणाऱ्यानं माचिस गेटवर ठेवायची असा नियम सगळ्याच जिनिंगांत असतो. बाकी ठिकाणी तो भिंतीवर लाल रंगानं लिहिलेला असतो आणि कोणी वाचत नाही. आमच्याकडे तो थावरूभाऊच्या हातात होता.

उजवा हात, तळवा वर, कोपर अंगाला टेकलेलं. तो काही बोलायचा नाही. शेतकरी असो, ट्रक ड्रायव्हर असो, हमाल असो, हात पुढे यायचा आणि समोरचा मुकाट्यानं डबी त्यावर ठेवायचा. मग थावरूभाऊ ती कानाजवळ नेऊन हलवायचा, आतल्या काड्यांचा आवाज ऐकायचा आणि भिंतीवरच्या फळीत तिच्या जागी ठेवून द्यायचा. जाताना परत करतानाही तसंच. कानाशी हलवून म्हणायचा, "पुरी हाय." जणू काही सोन्याची डबी सांभाळली होती. एका हमालानं गंमत केली, थावरूभाऊ, किती काड्या आहेत ते तरी सांगा. त्यानं न हसता उत्तर दिलं, "तुह्या काड्या तू मोज. मी आवाज आयकतो."

उंच, वाळकी देहयष्टी. खाकी शर्टाचं गळ्याचं बटण एप्रिलच्या उन्हातही लावलेलं. गेटची नोकरी धरली त्या दिवशी त्यानं स्वतःची विडी सोडली होती आणि तोंडाला चाळा म्हणून एका पत्र्याच्या डबीत सोप, म्हणजे बडीशेप, ठेवली होती. ती सोप तो फारशी कोणाला द्यायचा नाही. मला द्यायचा, पण चिमटीतून, तीही मोजकी.

आगीसाठी पाणी आणि रेती भरलेल्या लाल बकेटी शेडच्या भिंतीला टांगलेल्या असत. त्या रोज सकाळी तपासणं हेही त्याचंच काम. पाण्यात चिमण्या आंघोळ करायच्या, त्याला तो काही म्हणायचा नाही. रेतीवरून मात्र त्याचं आणि सुमनबाईचं कायम वाजायचं. सुमनबाई वानखडे ही रेच्यांवर कापूस टाकणाऱ्या बायांची पुढारीण. बौद्धवाड्यातली, अंगानं बारकी, जिभेनं तिखट. जेवण झालं की ती आगीच्या बकेटीतली मूठभर रेती घेऊन आपला डबा घासायची. थावरूभाऊ लांबूनच शिट्टी वाजवायचा. ती म्हणायची, एवढ्या रेतीनं तुही पाव्हणी विझते काय. तो म्हणायचा, तेवढ्याच रेतीनं विझत असते कधीकधी. संध्याकाळी तीच बाई त्याला आठवणीनं नाल्यावरून नवी रेती आणून द्यायची, आणि जयंतीच्या दिवशी बुंदीचा पुडा. त्या दोघांचं भांडण बंद पडलं तर जिनिंगमध्ये काहीतरी बिघडलंय असं समजावं, इतकं ते नेमाचं होतं.

सुट्टी तो एकाच सणाला घ्यायचा, होळीला. त्याचा तांडा तिथून सायकलच्या टप्प्यात होता. एका वर्षी मला आग्रहानं घेऊन गेला. तांड्यावरची होळी म्हणजे काय असते ते मी तेव्हा पाहिलं. बाया लेंगी, म्हणजे होळीची गाणी, म्हणत होत्या, डफ वाजत होता, म्हातारी माणसंही फेर धरून नाचत होती, आणि आमचा थावरूभाऊ कुठे दिसेना. शोधलं तर सगळ्या गर्दीच्या मागे, अंधारात, पाण्यानं भरलेली बकेट पायाशी ठेवून उभा. त्याची म्हातारी याडी, म्हणजे आई, माझ्याकडे बघून हसून हसून वाकली. तिनं मला घरात नेऊन एक गाठोडं सोडून दाखवलं होतं. तिच्या लग्नातले चांदीचे दागिने, केसांत घालायच्या जड घुगऱ्या, कवड्या लावलेली ओढणी. नवरा गेल्यापासून तिनं ते अंगाला लावले नव्हते. एकेक दागिना ती लेकराला उचलावं तसा उचलत होती आणि थावरूभाऊ दारात उभा राहून, दाखव, त्यालाही दाखव, असं म्हणत होता.

आता त्या पुढाऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी. गाठी बांधायचं नवीन प्रेस बसलं तेव्हा उद्घाटनाला एक मोठे पुढारी आले. पांढऱ्या गाड्यांची रांग, हार, फटाके मात्र थावरूभाऊनं आधीच बंद केलेले. पुढाऱ्यांची गाडी गेटवर आली आणि खिडकीच्या काचेसमोर तो हात आला. तळवा वर. मागच्या गाडीतली माणसं खाली उतरली, कोणीतरी थावरूभाऊच्या अंगावर जायला निघालं. आमचे मोठे शेठ म्हातारे होते, धोतर सावरत पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, देऊन टाका. इथं माझंही चालत नाही." पुढारी हसले आणि त्यांनी सोनेरी लायटर त्या तळव्यावर ठेवला. जाताना थावरूभाऊनं तो परत दिला, पण सवयीनं आधी कानाशी हलवला. आवाज काही आला नाही. तो गोंधळला, पुन्हा हलवला आणि "पुरी हाय" न म्हणताच देऊन टाकला. त्यावरून आम्ही त्याला पुढे महिनाभर छळलं.

त्या दसऱ्याला मशीनची पूजा झाली. हमाल, बाया, ड्रायव्हर, सगळे गेटसमोर जमलेले असताना मोठे शेठ म्हणाले की माझी रात्रीची झोप या थावरूच्या हातावर आहे. आत्ताचा यार्डाचा मुकादम म्हातारा झालाय, तो गेला की ती जागा थावरूची. थावरूभाऊ मान खाली घालून उभा होता. पण नंतर हे वाक्य त्यानं मला सांगितलं, सुमनबाईला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी जणू आधी सांगितलंच नव्हतं असं पुन्हा दोघांनाही सांगितलं.

मोठे शेठ अंथरुणाला खिळले आणि कारभार छोट्या शेठकडे आला. छोटे शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना माणसं दिसायची नाहीत, एवढंच. त्यांनी बाहेरून एक मॅनेजर आणला, मॅनेजरनं येताना आपला साळा आणला, आणि म्हातारा मुकादम घरी बसला तेव्हा साळा मुकादम झाला. त्याला कापूस आणि सरकी यातला फरक कळायला हंगाम लागला. मी थावरूभाऊच्या वतीनं बडबडत होतो. तो म्हणाला, नशिबात नसन. आणि पुढच्या ट्रकसमोर हात केला. तोवर त्याचा हात शाबूत होता हे मी मुद्दाम सांगतो. जागा गेली म्हणून तो बिघडला असं काही लोक म्हणतात, ते खरं नाही.

पावसाळ्यात जिनिंग बंद असतं, मोटारी उघडून दुरुस्त करतात. तेव्हा स्टोअरमधून तांब्याच्या तारेची भेंडोळी गेली. मॅनेजरनं पोलिसांत कळवलं नाही. त्यानं एकच प्रश्न विचारला, आपल्याकडे तांड्यावरचा कोण आहे. तांडा हा शब्द उच्चारताना काही माणसांच्या ओठांना एक वळण पडतं, ते मी आयुष्यभर पाहत आलोय आणि अजूनही मला त्याची किळस येते. कधीकाळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर पोचवणारी ही माणसं. त्यांच्या हातात लोकांनी आपला माल विश्वासानं दिला. आणि आज काही हरवलं की पहिली जीप त्यांच्याच दाराशी.

ती जीप गेली. मॅनेजर, मुकादम, दोन चौकीदार आणि मध्ये बसवलेला थावरूभाऊ. भर दुपारी त्याच्या घरातली भांडी अंगणात आणून ठेवली. धान्याची कोठी उपसली. मग याडीचं गाठोडं मातीत सोडलं आणि एकेक घुगरी पायानं बाजूला सारून पाहिली. एक चौकीदार मोबाईलवर शूटिंग करत होता. काही सापडलं नाही. पण संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ जिनिंगच्या ग्रुपवर आला होता आणि ज्याच्याकडे मोबाईल होता अशा प्रत्येक हमालानं तो पाहिला होता. थावरूभाऊकडे तसला मोबाईल नव्हता. आपण कसे दिसलो ते त्याला इतरांच्या तोंडाकडे बघून कळलं.

दुसऱ्या दिवसापासून गेटवर त्याची झडती सुरू झाली. ड्युटी संपली की दुसऱ्या पाळीचा चौकीदार त्याला हात वर करायला लावायचा आणि कंबर, खिसे, पायाच्या घड्या चाचपायचा. नियम सगळ्यांसाठी आहे असं मॅनेजर म्हणाला. मला कोणी कधी चाचपलं नाही. मॅनेजरला नाही, मुकादमाला नाही. हमालांना आणि थावरूभाऊला तेवढं. ज्या गेटवर सगळे त्याच्यासमोर खिसे रिकामे करायचे, त्याच गेटवर तो दोन्ही हात वर करून उभा असायचा आणि माझ्या खिडकीतून मला ते बघावं लागायचं.

मग तांबं सापडलं. मुकादमाच्याच ड्रायव्हरनं ते वणीच्या एका भंगारवाल्याला विकलं होतं. आमच्या एका हमालानं दुकानात भेंडोळी ओळखली. ड्रायव्हर गुपचूप गावी गेला, मुकादम मॅनेजरचा साळा म्हणून प्रकरण मिटलं. ग्रुपवर काही आलं नाही. झडतीही थांबली नाही.

थावरूभाऊ छोट्या शेठकडे गेला तेव्हा मी पावत्या घेऊन तिथेच उभा होतो. त्यानं गळ्याचं बटण पुन्हा एकदा चाचपलं आणि म्हणाला, "शेठ, जे गेटवर झालं ते गेटवरच फिटलं पायजे. सगळ्याइच्या समोर एकडाव सांगा का थावरू चोर नाही. दुसरं मले काही नाही पायजे."

शेठ हसले. म्हणाले, अरे, झालं ते झालं, तुला कामावरून काढलं का, पगार कापला का, आम्ही तुला घरचाच समजतो. मग कपाटातून एक शर्टाचं कापड काढून त्याच्यासमोर ठेवलं. थावरूभाऊनं त्या कापडाकडे बघितलं, शेठकडे बघितलं आणि कापड तिथेच ठेवून बाहेर गेला. मी मागे राहून शेठना दोन शब्द सांगायला गेलो. ते म्हणाले, तू काटा बघ.

तरी त्यानं आशा सोडली नाही. तो दसऱ्याची वाट बघत राहिला. दसऱ्याला सगळे गेटसमोर जमतात, त्याच जागी मोठे शेठ त्याच्याबद्दल बोलले होते, तेव्हा छोटे शेठही बोलतील असा त्याचा हिशोब. त्या दिवशी तो नवं धोतर नेसून, लाल पागोटं बांधून आला. सुमनबाईनं त्याला चिडवलंसुद्धा, नवरदेव दिसून राह्यला म्हणून. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. शेठनी एक शाल काढली आणि ती मुकादमाच्या खांद्यावर घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थावरूभाऊ पेढा हातात धरून उभा होता, आणि सगळे पांगले तरी उभाच होता.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर आलो, सवयीनं डबी काढली. हात पुढे आला नाही. स्टूल रस्त्याकडे फिरवलेलं होतं. पहिल्यांदाच मला रस्त्यावरून त्याचं तोंड दिसलं.

"ठेव खिशात," तो म्हणाला. "मी चोर हाय ना, बाबू? चोरानं लोकाइचे खिसे कायले पाहावं?"

फळीतल्या जुन्या, विसरलेल्या डब्या त्यानं ज्याच्या त्याला परत करून टाकल्या. सुरुवातीला लोकांना वाटलं रुसलाय, येईल ताळ्यावर. मग त्यांना ते आवडायला लागलं. शेडच्या मागे विड्यांची थोटकं दिसू लागली. मॅनेजरला कळत नव्हतं असं नाही, पण गेटवर माणूस वेळेवर येतो, वेळेवर जातो, हजेरी पूर्ण आहे, त्याच्यापलीकडे गेट म्हणजे काय हे त्याला कधी माहीतच नव्हतं. महिन्याभरानं थावरूभाऊ स्वतःच विडी ओढायला लागला. पत्र्याच्या डबीत सोपेच्या जागी विड्या आल्या. बकेटींतलं पाणी आटलं. रेतीत मांजरांनी घाण केली. चिमण्या यायच्या, कोरड्या बकेटीच्या काठावर बसून उडून जायच्या.

एकदा सुमनबाई तणतणत त्याच्याकडे आली. नेहमीचं भांडण सुरू होईल या आशेनं मी खिडकीतून मान बाहेर काढली. ती म्हणाली, "रेतीत मांजर हागून राह्यली, थावरूभाऊ. पाय तं जरा."

"शेठले सांग," तो म्हणाला.

"शेठ नाही जळत. आपन जळतो."

त्यानं तोंड फिरवलं. ती निघून गेली. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं बंद झालं.

त्याच हिवाळ्यात मला आणखी एक दिसलं आणि ते बघून मी हादरलो. रस्त्यापलीकडच्या नाल्याकाठच्या बाभळी पांढऱ्या दिसत होत्या. काट्याकाट्यात कापूस अडकलेला. गाड्यांमधून उडालेला म्हणावा तर एवढा नसतो. मग एका संध्याकाळी झडती देऊन बाहेर पडलेला थावरूभाऊ नाल्याशी थांबला, जेवणाचा डबा उघडला आणि त्यात दाबून भरलेला कापूस मुठीनं काढून त्यानं बाभळीवर फेकला. झडतीवाला खिसे चाचपायचा, डबा उघडायचा नाही. कापूस विकायचा नव्हता, घरी न्यायचा नव्हता, काही करायचं नव्हतं. फक्त चोरायचा होता. मी त्याला विचारलं, हे काय चालवलंय. तो शांतपणे म्हणाला, "लोकं चोर म्हनते. त्याइले खोटं कायले पाडू?"

मला त्याचा फार राग आला होता तेव्हा. आज राग नाही, पण समजूतही पटलेली नाही. ज्यानं आपल्याला चिरडलं त्याच्यापर्यंत माणसाचा हात पोचत नाही. पोचतो तो आपल्याच कामापर्यंत. मग तो तेच मोडतो. आणि ते काम ज्यांच्या जिवाला आधार असतं ती माणसं शेठच्या बंगल्यात राहत नसतात, रेच्यावर बसलेली असतात. हे थावरूभाऊला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. कळूनही तो स्टूल फिरवून बसला होता.

आग उन्हाळ्याच्या तोंडावर, दुपारी जेवणाच्या सुट्टीत लागली. शेडला लागून असलेल्या गंजीवर आधी नुसता धूर दिसला. विडीनं लागली, की रेच्यात दगड येऊन ठिणगी उडाली, की वायर तापली, हे आजपर्यंत कोणाला ठरवता आलेलं नाही. सगळ्यात आधी ओरडला तो थावरूभाऊ. "आग, आग," असं ओरडत तो शेडकडे धावला, आणि इतक्या वर्षांत तो शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. त्यानं भिंतीवरची पहिली बकेट ओढून काढली. ती रिकामी होती. दुसरी काढली, तीही. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो, लाल बकेट दोन्ही हातांत धरून उभा, आत बघतोय.

शेडच्या कडेला ताडपत्रीच्या सावलीत काही बाया जेवून आडव्या झाल्या होत्या. ताडपत्री पेटली. सुमनबाईनं ती दोन्ही हातांनी धरून ओढून काढली. बाया वाचल्या. तिच्या तळहातांची कातडी ताडपत्रीला चिकटून आली. आगीचा बंब आला तोवर शेड बसलं होतं.

मॅनेजरनं चौकशी केली. चौकीदाराचा निष्काळजीपणा, असं ठरलं, आणि थावरूभाऊला ऑफिसात बोलावून सगळ्यांसमोर ते वाचून दाखवलं. मला वाटलं आता तरी हा तांब्याचं काढेल, शालीचं काढेल, काहीतरी बोलेल. कोणीतरी त्याच्या बाजूनं म्हणालंसुद्धा, दगडानं लागली असेल. थावरूभाऊ म्हणाला, "गोट्यानं लागली असन. पन बकेट तं म्याच नाही भरली. या बारीनं खरं हाय."

त्याला काढून टाकलं. ती बातमी मात्र त्याच दिवशी ग्रुपवर आली, फोटोसकट. जाताना तो गेटवर थांबला आणि कोणी न सांगता दोन्ही हात वर केले. दुसऱ्या पाळीचा चौकीदार खाली बघत राहिला, त्यानं चाचपलं नाही. थावरूभाऊ हात खाली घेऊन निघून गेला.

शेठना विमा मिळाला. नवं शेड आधीच्या शेडपेक्षा मोठं झालं, मुकादम अजून मुकादम आहे. बायांचा मात्र सगळा हंगाम बुडाला.

सुमनबाईला यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा थावरूभाऊ वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून उभा दिसला. आत येत नव्हता. सुमनबाईचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. तिला तो दारातून दिसत होता. ती माझ्याकडे बघत, पण त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्याले इचार, बाबू. चोर कोनं म्हटलं, अन् जाळलं कोनाले."

मी दाराकडे वळलो तर तिथे कोणी नव्हतं.

त्यानंतर तो तांड्यावरही फारसा दिसला नाही. याडी गेली असं ऐकलं. मीही ते जिनिंग सोडलं. गेल्या वर्षी आर्णीला भाचीच्या लग्नाला गेलो होतो, परतताना पांढरकवड्याला हायवेवरच्या एका ढाब्यावर चहाला थांबलो. ट्रक रांगेनं उभे होते आणि त्यांच्यामध्ये काठी घेऊन एक म्हातारा फिरत होता. उभ्या ट्रकांची राखण करणारा. मी चालीवरून ओळखलं. शर्टाचं वरचं बटण तुटलेलं होतं.

त्यानंही मला ओळखलं. आम्ही बाकावर बसलो. चहा आल्यावर त्यानं विचारलं, सुमनचे हात कसे आहेत. मी खरं तेच सांगितलं, की डाव्या हाताची बोटं मिटत नाहीत, लेकीकडे असते, कापूस वेचायला जाता येत नाही. त्यानं मान हलवली. मी उगाच म्हणालो, तुझ्यावर खोटा आळ होता हे सगळ्यांना माहीत होतं. तो म्हणाला, "माहीत होतं तं कोनी बोललं काहून नाही?" हे तो चिडून नाही बोलला. बऱ्याच दिवसांपासून पडलेला प्रश्न कोणाला तरी विचारावा, तसं बोलला.

तेवढ्यात रुईच्या गाठींनी भरलेला एक ट्रक येऊन आमच्यासमोर उभा राहिला. ताडपत्री एका बाजूनं सुटलेली, गाठींतून रुई बाहेर आलेली. ड्रायव्हर उडी मारून खाली उतरला, तिथेच, गाठींना पाठ टेकून त्यानं विडी काढली आणि खिशातून माचिस.

थावरूभाऊ बाकावरून उठला. काठी त्यानं बाकाला टेकवून ठेवली होती. तो ड्रायव्हरपुढे जाऊन उभा राहिला आणि त्याचा उजवा हात पुढे आला. तळवा वर, कोपर अंगाला टेकलेलं.

ड्रायव्हरनं त्या हाताकडे बघितलं, मग त्या म्हाताऱ्याच्या मळक्या शर्टाकडे. "घ्या बाबा," तो म्हणाला, आणि बंडलातली एक विडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

थावरूभाऊ त्या विडीकडे बघत राहिला. हात तसाच पुढे होता. मग त्यानं ती उचलून ओठांत धरली. ड्रायव्हरनं काडी ओढली, दोन्ही हातांच्या आडोशानं धरली, आणि थावरूभाऊ त्या गाठींच्या शेजारीच वाकून विडी पेटवायला लागला.